टँक, टाके, टाकी : एका शब्दफलकाच्या नोंदी

काम : वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर ‘टँक’ या इंग्रजी शब्दाचा फलक. आकार सहा फूट बाय तीन फूट. मजकूर चारशे शब्दांच्या आत. ठिकाण : नौपाडा, ठाणे पश्चिम. मुदत : १५ ऑगस्टच्या आधी भिंतीवर.

३ जून २०२५

शब्द ठरला. ‘सेट’ आणि ‘रन’ यांचे अर्थ इतके, की फलक पुरणार नाही. ‘पोस्ट’चा विचार झाला, पण त्याची सारी गोष्ट युरोपातच घडते. ‘टँक’ची एक वाट गुजराती-मराठीतून जाते असे इंग्रजी कोशच सांगतात. शिवाय तळे, टाकी आणि टँकर हे तिन्ही ठाणेकराच्या रोजच्या बोलण्यातले.

पद्धत : प्रत्येक अर्थाला एक कार्ड, सहा बाय चार इंची. कार्डावर पाच रकाने : रूप, अर्थ, सर्वांत जुनी लेखी साक्ष व तिचे वर्ष, आधीच्या अर्थाशी दुवा, आणि मराठीत आज त्याला काय म्हणतात. वर्षाचा रकाना रिकामा असेल तर कार्ड फलकावर जाणार नाही. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवला, कारण व्युत्पत्तीच्या कामात सर्वांत जास्त नुकसान ‘ऐकायला जुळते’ या एका आधाराने होते.

६ जून

शोधताना येणारी अडचण आधी सोडवली, नाहीतर पुढची सगळी मेहनत अर्धवट राहिली असती.

१९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे आपण आज ‘टाके’ लिहितो, पण त्याआधीच्या छापील मराठीत शेवटच्या अक्षरावर अनुस्वार असतोच, आणि बऱ्याचदा पहिल्यावरही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिथे आजच्या लेखनाने शोधले तर हाती काही लागत नाही आणि शब्दच नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चारही रूपे शोधायची : टाके, टाकें, टांके, टांकें. स्कॅन करून मजकुरात उतरवलेल्या प्रतींत अनुस्वाराचा ठिपका धुळीचा डाग समजून गाळलेला असतो, किंवा धुळीचा डाग अनुस्वार झालेला असतो. तेव्हा पानाचे चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्डावर रूप उतरवायचे नाही.

दुसरी अडचण आपल्याच टायपिंगची. ‘टँक’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ट नंतर चंद्रबिंदू (युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या यादीत, ०९०१). दुसऱ्यात ट, मग अर्धचंद्र (०९४५), मग अनुस्वार (०९०२). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडच्या सामान्यीकरणातही (समान रूपे एक करण्याच्या प्रक्रियेतही) ते एक होत नाहीत. आमच्या फायलीत दोन्ही मिसळलेले होते. शोधल्यावर कार्डे कमी का दिसतात याचे कारण तेच निघाले. सर्व फायलींत चंद्रबिंदूचे रूप ठेवले.

१२ जून

उगमाचे कार्ड. सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचे.

दावा पहिला : शब्द भारतीय. गुजराती ‘टांकुं’, मराठी ‘टाके’, राजस्थानी ‘टांका’. थरच्या वाळवंटात आणि अहमदाबादच्या पोळांमधल्या (जुन्या शहरातल्या गल्ली-वस्त्यांमधल्या) जुन्या घरांत पावसाचे पाणी साठवायला अंगणाखाली बांधलेला हौद तो टांका. समुद्रापासून इतक्या आत, घराघरांत मुरलेला शब्द पोर्तुगिजांनी आणला असेल हे पटणे कठीण.

दावा दुसरा : शब्द पोर्तुगीज. ‘तांक’ म्हणजे हौद किंवा तळे. तो ‘एस्तांकार’ म्हणजे वाहते पाणी अडवणे या क्रियापदाशी जोडलेला. स्पॅनिशमध्ये ‘एस्तांके’ म्हणजे तळे. रक्त वाहायचे थांबवणे या अर्थाचे इंग्रजी ‘स्टाँच’ याच घराण्यातले. या बाजूची खरी भक्कम साक्ष म्हणजे वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची पोर्तुगीज रोजनिशी. १४९८ मध्ये कालिकतजवळच्या देवळापाशी पाहिलेल्या दगडी बांधकामाच्या हौदाला ती याच शब्दाने ओळखते. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी त्यांचा संबंध येण्याआधीची ही गोष्ट. म्हणजे शब्द ते घरूनच घेऊन आले होते.

दावा तिसरा : संस्कृत ‘तडाग’. हा काही कोशांत ‘कदाचित’ लावून येतो. आमच्या मते तो सर्वांत कमकुवत. तडागाचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे : प्राकृतात ‘तलाअ’ आणि मराठीत ‘तलाव’. ड चा ल झाला, ग गळाला. त्याच शब्दातून ‘ङ्क’ कुठून यावा, याला वाट दिसत नाही.

यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या अँग्लो-इंडियन कोशात याच शब्दाला दुहेरी उगमाचा, गोंधळात टाकणारा शब्द म्हटले आहे. जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही यापेक्षा नेमके म्हणता येत नाही. दोन वेगळे शब्द, रूपाने आणि अर्थाने योगायोगाने जवळचे, एकाच किनाऱ्यावर भेटले आणि इंग्रजांनी तिथून तो उचलला. फलकावर हेच जाईल.

फलकाच्या मथळ्यासाठी ‘टँक मूळचा आपलाच’ अशी सूचना आली होती. ती घेतली नाही. १४९८ ची साक्ष समोर असताना असा मथळा लावला तर खालच्या चारशे शब्दांवर कोणी विश्वास का ठेवावा?

इंग्रजीतली सर्वांत जुनी साक्ष सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. जहांगीरच्या दरबारी आलेल्या सर थॉमस रो याच्या वकिलातीतला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो की इथे पुष्कळ तळी आहेत आणि त्यांना हे लोक टँक म्हणतात. ‘हे लोक’ म्हणजे गुजराती शेतकरी की पोर्तुगीज बोलणारे दुभाषी, हे वाक्यातून ठरत नाही. म्हणून ही साक्ष दोन्ही बाजूंपैकी एकीकडे ओढायची नाही.

१४ जून

परवाच्या नोंदीला पुरवणी. ‘आपल्या गडांवर, लेण्यांवर टाकी दोन हजार वर्षांपासून आहेत, मग शब्द तितकाच जुना’ हा युक्तिवाद पुन्हा आला. तो कान्हेरी लेण्यांच्या कातळावरच तपासता येतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला येऊर, पलीकडे बोरिवलीच्या बाजूला कान्हेरी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेले टाके, आणि माथ्यावरच्या उतारावरून पावसाचे पाणी त्यात आणणारे बोटभर ते वीतभर रुंदीचे पन्हळ. काही टाक्यांच्या वर ब्राह्मी लिपीत दानलेख आहेत : अमक्याने हे लेणे आणि ही ‘पाणियपोढी’ दिली. नाणेघाटात आणि जुन्नरच्या लेण्यांतही टाक्यांसाठी ‘पोढी’ हाच शब्द.

म्हणजे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत, याच प्रदेशातल्या प्राकृतात, कातळातल्या पाण्याच्या साठ्याचे नाव टाके नव्हते, पोढी होते. वस्तू तीच राहिली, नाव बदलले. वस्तूच्या वयावरून शब्दाचे वय काढता येत नाही, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मिळणार नाही. फलकाच्या मधोमध पोढीला जागा द्यायची. चारशेपैकी साठ शब्द तिच्यासाठी राखले.

१९ जून

मराठीतले सारख्या रूपाचे शब्द वेगळे करण्याचे काम. ज्यांना हे घोळ माहीत नाहीत ते एका घरातले शब्द दुसऱ्या घरात नेऊन बसवतात.

टाका (पुल्लिंग) : शिवणीचा, शस्त्रक्रियेचा. अनेकवचन टाके. म्हणजे ‘टाके’ हे एका हौदाचे नाव, तसेच अनेक शिवणींचे. ‘डॉक्टरांनी सात टाके घातले’ आणि ‘गडावर सात टाकी आहेत’.

टाके (नपुंसकलिंग) : कातळातला हौद. अनेकवचन टाकी.

टाकी (स्त्रीलिंग) : घरावरची, सिमेंटची वा प्लास्टिकची. अनेकवचन टाक्या. म्हणून नुसते ‘ती टाकी’ म्हटले तर एक टाकी की अनेक टाकी हे कळत नाही. क्रियापद आले की उलगडते : ‘ती टाकी भरली आहे’ ही सोसायटीची, ‘ती टाकी भरली आहेत’ ही गडावरची. गडांच्या माहितीपत्रकांत हा घोळ नेहमी होतो आणि अकरा टाक्यांची एक टाकी होऊन जाते.

टाकी (स्त्रीलिंग), दुसरी : पाथरवटाची छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ती ही. संस्कृत ‘टङ्क’ म्हणजे दगड फोडायचे हत्यार. टाकीने खोदले ते टाके, ही जोडणी कानाला फार गोड लागते. पण कार्डावर वर्षाचा रकाना भरता आला नाही, तेव्हा ती फलकाबाहेर.

टंक, दुसरा : वजन आणि नाणे. त्यातून टका, टक्का, टांकसाळ. बांगलादेशचा ‘टाका’ याच घरातला. इंग्रजी टँकशी संबंध नाही.

टाक : देव्हाऱ्यातला चांदीच्या पत्र्याचा, आणि शाईत बुडवून लिहायचा. दोन्ही वगळले.

इंग्रजीच्या बाजूलाही एक फसवा शब्द आहे. ‘टँकार्ड’ म्हणजे झाकणाचा मोठा पेला. तो चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, म्हणजे इंग्रज इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून. नाते नाही. उलट टँकच्या शेजारी उभ्या असलेल्या बादली, पिंप आणि घमेले या तिन्ही वस्तूंची नावे मात्र पोर्तुगीजच : बाल्दे, पिपा, गामेला. १५३४ पासून वसईत आणि आसपास पोर्तुगीज होते, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये वसई. दोनशे वर्षांत पाणी भरायची भांडी त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यावरून टाकेही त्यांचेच, असा तर्क करायचा मोह होतो. शेजारी राहिल्याने नातेवाईक होत नाही.

२६ जून

तळ्यापासून पेटीपर्यंतचा प्रवास. भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे जमिनीतले पाणी. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर गावोगावच्या तळ्यांसाठी हाच शब्द वापरते. मुंबईचे गवालिया टँक हे गुरे पाण्यावर आणायचे तळे. १९४२ च्या ऑगस्टात ‘छोडो भारत’चा ठराव झाला तोवर तिथे मैदान होते, तळे नावातच उरले होते.

हैदराबादच्या हुसेनसागरावरचा रस्ता टँक बंड. बंड म्हणजे बांध. ठाण्यात याच रचनेला आपण काय म्हणतो? तलावपाळी. पाळ म्हणजे तळ्याचा काठ, बंधारा. मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळी फिरायला जाणारा माणूस टँक बंडवरच फिरत असतो, शब्दाला शब्द. हे जोडीचे उदाहरण फलकाच्या डाव्या कोपऱ्यात, नकाशासकट.

इंग्लंडात गेल्यावर शब्दाने जमीन सोडली. १६८० च्या दशकापासून तो पाणी वा द्रव ठेवायच्या मोठ्या पेटीसाठी दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमाराने पिण्याच्या पाण्याची लाकडी पिंपे काढून लोखंडी टाक्या बसवायला घेतल्या आणि ‘टँक’ म्हटले की लोखंड डोळ्यांपुढे येऊ लागले. पुढचे अर्थ भराभर : रेल्वेचा टाकीवाला डबा १८७४, तेलवाहू जहाज ‘टँकर’ १९००, इंधनाची टाकी १९०२. पाणी आणि कोळसा वेगळ्या डब्यात न ठेवता अंगावरच घेऊन धावणारे ते टँक इंजिन. माथेरानची जुनी वाफेची इंजिने त्या जातीची.

२ जुलै

रणगाडा. फलकाचा सर्वांत वाचला जाणारा भाग हाच असणार, म्हणून साक्ष पक्की हवी.

१९१५ मध्ये इंग्लंडात चिखल आणि काटेरी तारा तुडवत जाणारे पोलादी वाहन बनत होते. त्याला आधी ‘लँडशिप’ म्हणत, म्हणजे जमिनीवरचे जहाज. हे नाव ऐकले की काम फुटणार. लिंकन शहरातल्या कारखान्यात उभे असलेले ते धूड, रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्यांची मोठी पेटी, पाण्याच्या टाकीसारखे दिसत होते. मेसोपोटेमियासाठी पाणी वाहायच्या टाक्या आहेत असे कामगारांना सांगता येत होते. तिथे त्या वेळी ब्रिटिश-भारतीय फौज लढत होतीच, त्यामुळे थाप पचली. नावासाठी ‘सिस्टर्न’ आणि ‘रिझर्व्हॉयर’ हेही पुढे आले होते. एका दमात उच्चारता येणारे, तोंडात बसणारे म्हणून टँक निवडले. २४ डिसेंबर १९१५ च्या सरकारी टिपणात या वाहनाचे काम पाहणाऱ्या समितीला गुप्ततेसाठी ‘टँक सप्लाय कमिटी’ म्हणावे असे नमूद आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते प्रथम रणात उतरले. ४९ नेमले होते, ३२ आघाडीच्या रेषेपर्यंत पोचले. बाकीचे बिघडले वा चिखलात अडकले.

लपवण्यासाठी दिलेले नाव कायम झाले, हे इथले मर्म. मराठीने मात्र ते उसने न घेता ‘रणगाडा’ असा स्वतःचा शब्द घडवला. तोही लोकांच्या तोंडी पक्का बसला आहे. फलकावर ‘टँक (रणगाडा)’ असे कंस न टाकता ‘रणगाडा’ हे मुख्य नाव, असे ठरले.

५ जुलै

उरलेले अर्थ, थोडक्यात. ‘थिंक टँक’ १९०५ च्या सुमाराला माणसाच्या डोक्याला गमतीने म्हणत. अभ्यासकांच्या संस्थेला ते नाव १९५९ पासून. कोठडी : अमेरिकी बोलीत १९१२. पोहण्याच्या तलावाला टँक म्हणत, त्यात घालायचा तो ‘टँक सूट’, आणि त्यावरून बिनबाह्यांचा ‘टँक टॉप’, १९६८. खेळात मुद्दाम हरणे म्हणजे ‘टँकिंग’. हा अर्थ मुष्टियुद्धातून आला. हरायचे ठरलेला खेळाडू पाण्यात सूर मारल्यासारखा पडतो, ती उपमा. म्हणजे हा अर्थ रणगाड्यातून आला नाही, पुन्हा पाण्यातूनच आला. हे कार्ड आधी रणगाड्याखाली लावले होते. काढून तळ्याच्या फांदीवर नेले.

१० जुलै

ठाणे-नवी मुंबईतला आजचा वापर. वर्तकनगर, कळवा आणि घणसोली इथल्या सोसायट्यांतून शब्द टिपले. ‘टँक’ हा एकटा शब्द पाण्यासाठी जवळजवळ कोणी वापरत नाही. खालची टाकी आणि वरची टाकी. प्लंबरचे वाक्य जसेच्या तसे : ‘खालचीत पाणी लागलं की मगच वरची चढवायची, नाहीतर मोटर कोरडी चालते.’ त्यातले ‘चढवायची’ हे क्रियापद टाकीला लागते, पाण्याला नाही. फलकासाठी हे अस्सल.

‘टँक’ उरतो तो सेप्टिक टँकमध्ये आणि माशांच्या टँकमध्ये. आणि टँकर. टँकर म्हटले की ठाणे-नवी मुंबईत जहाज कोणाच्या मनात येत नाही. दहा हजार लिटरचा पाण्याचा ट्रक येतो. टाकीची मापे लिटरमध्येच बोलतात. फलकावर एक ओळ घातली : एक मीटर लांब, रुंद, उंच टाकीत एक हजार लिटर. मुले हातांनी माप घेऊन बघतील.

१७ जुलै

छपाईचा पहिला नमुना आला आणि परत पाठवला. छपाईवाल्याने युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला. त्यात चंद्रबिंदूचा अर्धचंद्र गळला आणि ठिपका राहिला. फलकभर ‘टंक’. मथळ्यात ‘टंक’, ‘थिंक टंक’, ‘सेप्टिक टंक’. वाईट हे की ‘टंक’ हा खरा शब्द असल्याने तपासणीत लाल रेघही आली नाही आणि घाईच्या नजरेतूनही सुटला. ज्या शब्दापासून आम्ही महिनाभर याला वेगळे करत होतो, नेमके त्याचेच रूप.

उपाय : मजकूर पाठवायचा नाही. आपल्याकडेच मांडणी करून, अक्षरे कर्व्हमध्ये (म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेषाकृतींत) बदलून पीडीएफ द्यायची. आणि मुद्रितशोधन वाक्य वाचत नाही, तर फक्त ‘ट’ शोधत करायचे : प्रत्येक ट वर बोट ठेवून वर काय आहे ते मोठ्याने म्हणायचे. ५७ ट निघाले. पीडीएफमध्ये सर्व बरोबर.

अक्षराचा आकार : २४ पॉइंटवर पाच फुटांवरून ‘टांकें’चे अनुस्वार दिसत नव्हते, आणि या फलकात अनुस्वार हाच विषय. मजकूर ३६ पॉइंट, जुनी रूपे ४८. चारशे शब्द त्यात मावले नाहीत. ३४० वर आणले. टँक टॉप आणि कोठडी गेली.

३० जुलै

५ मिमी सनबोर्डवर (फोमच्या हलक्या तक्त्यावर) व्हिनायल, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर समोरची ट्यूबलाइट उमटते आणि मधला भाग वाचता येत नाही. भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून फलक थेट न चिकटवता सहा स्पेसर लावून एक इंच पुढे घेतला. तळाची कड जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे चौथी-पाचवीतली मुले मधली ओळ मान न उचलता वाचतील.

९ ऑगस्ट

फलक लागला. मथळा : ‘टँक : दोन उगमांचा शब्द’. डावीकडे तलावपाळी आणि पोर्तुगीज ‘तांक’, मध्ये पोढी, उजवीकडे पेटी, टँकर, रणगाडा. वाचकांनी सुचवलेल्या शब्दांसाठी खाली एक वही बांधली. पहिल्या दिवशी आलेले शब्द : टाकीफुल, टाकेहर्ष (त्र्यंबकेश्वरजवळचे गाव), आणि ‘पाण्याची टाकी’ हा रिक्षाचा थांबा. टाकेहर्षचे कार्ड काढले. गावाच्या नावाचे सर्वांत जुने लेखी रूप मिळेपर्यंत वर्षाचा रकाना रिकामा.